न सुटलेली शाळा

१

माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आहे. उजेड तिथेच चांगला येतो, आणि रस्त्यावर कोण कोणाशी बोलतंय हेही तिथूनच कळतं. खोटं कशाला बोलू, मशीन तिथे ठेवताना दुसरं कारणच जास्त डोक्यात होतं.

खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे रंगाच्या जुन्या कारखान्याची मोकळी जागा. कारखाना पाडला तेव्हा जमिनीतले रंगाचे हौद कोणी उपसले नाहीत. त्यांतच विटामाती लोटली आणि वरून रोलर फिरवला. एक भिंत तेवढी उभी राहिली, का राहिली ते कोणालाच माहीत नाही. पाऊस होऊन गेला की कुठेतरी जमीन खचते, खड्ड्यात निळसर पाणी साचतं. त्या पाण्यावर डाससुद्धा बसत नाहीत.

आणि त्या जागेवर म्हणे शाळा बांधणार! पालिकेच्या कार्यालयातल्या साहेबांनी सांगितलं, तपासणी झालीय, जमीन पक्की आहे. आमच्या वस्तीचं पित्त खवळलं. वस्तीची समिती झाली, अध्यक्ष झाले कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेले चष्मेवाले. ते प्रत्येकाशी बोलताना समोरच्याचा नंबर तपासल्यासारखे डोळ्यांत बघतात. त्यांचा नातू आणि माझी मुलगी एकाच वर्गात, दुसरीत. मुलीला आम्ही खारू म्हणतो. पेन्सिल असो, फ्रॉकची कॉलर असो, हाताला लागेल ते कुरतडते म्हणून. एकुलती एक आहे, आणि फार उशिरा झालेली. ती शाळा झाली असती तर खारू रोज त्या हौदांवर बसून पाढे म्हणणार होती. मला दुसरं काही कारण नको होतं.

२

मोर्चा काढून झाला, फलक लावून झाले. साहेब हं हं करत राहिले. तेव्हा चष्मेवाल्यांना ती कल्पना सुचली.

"वहिनी, ओरडून काही होत नाही. दाखवायला पाहिजे. एक दिवस तिथे शाळाच भरवू. मुलं गणवेशात, रांगेत, समोर फळा. फोटोवाल्याला बोलावू. बघू दे लोकांना, आमची मुलं कशावर बसवताय ते."

सगळ्यांना ती कल्पना डोक्यावर घ्यावीशी वाटली. मलाही. मुलं तिथे बसू नयेत म्हणून आपण मुलांना तिथे बसवतोय, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तयारी झोकात झाली. माझे मिस्टर दुसऱ्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी लोखंडी रुळाचा एक तुकडा आणून भिंतीच्या कडेला टांगला, ती आमची घंटा. भिंतीला फळा टेकवला. गल्लीतल्या निवृत्त बाईंनी शिकवायचं कबूल केलं. बाईंनी वस्तीतल्या निम्म्या लोकांचे कान पिळलेले, त्यामुळे त्या आल्या की आम्ही मोठी माणसंही नीट उभी राहतो.

सकाळी चष्मेवाल्यांनी घंटा दिली. शाळा भरली. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहिला, खाली 'हजर' लिहून जागा मोकळी सोडली. मग नजर फिरवून खारूला उभं केलं.

"तू मॉनिटर. वर्ग सुटला की सगळ्यात शेवटी निघायचं, फळा पुसून. कळलं?"

सगळ्यात जास्त बडबडीला मॉनिटर केलं की वर्ग गप्प बसतो, ही बाईंची जुनी युक्ती. खारूची मान अशी ताठ झाली की मला हसू आवरेना.

बाईंनी हजेरी घेतली, तोंडपाठ. एकेक नाव, एकेक "हजर बाई". शेवटचं नाव झालं. आणि त्यानंतर आणखी एक आवाज आला, "हजर."

आम्ही पालक खो खो हसलो. कोणीतरी व्रात्यपणा केला होता. बाई हसल्या नाहीत. त्या मागे वळल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हजेरीचा आकडा लिहिला.

फोटोवाला म्हणाला, मुलं हलतायत, फोटो बिघडतोय. बाईंनी टाळी वाजवली.

"हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळी मुलं एकदम गप्प. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. तू तू मैं मैं सुरू झाली. चष्मेवाले साहेबांना जमिनीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते, आणि त्याच वेळी शेवटच्या रांगेमागे जमीन खाली गेली. मोठा आवाज नाही झाला. जड माणूस पलंगावर बसावा, तेवढाच.

मग काय, एकच पळापळ. ज्याने त्याने आपलं मूल उचललं आणि रस्ता गाठला. मी खारूला काखोटीला मारून धावले. घराच्या दारात तिला खाली ठेवलं तेव्हा तिची घडी तशीच होती आणि बोट ओठांवरच होतं. मला तेव्हा गंमत वाटली. केवढी शहाणी माझी पोर, असंच वाटलं.

३

त्या दुपारी ती जेवली नाही.

"मधली सुट्टी झाली नाही अजून," ती म्हणाली. बोट ओठांवरून जरासं बाजूला करून, हळूच, कोणी बघत नाही ना अशी नजर टाकून.

"झाली हो मॉनिटरबाई. मी देते सुट्टी. चल, पानावर बस."

तिने मान हलवली. संध्याकाळीही तेच. पाण्याचा पेला पुढे केला तर ती माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायची. जरा वेळ थांबायची, ऐकल्यासारखं करायची. मग पेला ढकलायची.

"बाई नाही म्हणाल्या."

मला वाटलं, घाबरलीय. जमीन खचली, माणसं ओरडली, एवढासा जीव, मनात बसलं असेल. मिस्टर म्हणाले, "हट्ट आहे. भूक लागली की येईल वठणीवर." तिला झोप लागल्यावर मी चमच्याने ओठांत पाणी सोडलं. झोपेत ती गटागटा प्यायली. डोळे उघडले तसे ओठ मिटले.

डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, म्हणाले शरीरात काही दोष नाही. सलाइन चालू असतानासुद्धा मोकळ्या हाताचं बोट ओठांवर होतं. घरी आणलं की ती खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसायची. कुरतडणंही बंद झालं. मी मुद्दाम नवी पेन्सिल तिच्या पुढ्यात ठेवली. ती तशीच राहिली, अख्खी. त्या पेन्सिलीकडे बघून मी मोरीत जाऊन रडले.

आणि तो आवाज. मशीन चालू असलं की काही नाही. दोरा बदलायला थांबले की समोरून यायचा, बारीक, कोरडा. थोडा वेळ, मग थांबा, मग पुन्हा. पत्र्यावर पाखरू चोच घासत असेल, मी स्वतःला सांगितलं. पण त्या जागेत पत्रा नाही. मग वाळकी फांदी. झाडही नाही. तो आवाज मला ओळखीचा होता, तुम्हालाही असेल. फळ्यावर खडू चालतो तेव्हा असाच येतो. मी दोरा ओवायच्या आत पायडल मारायला लागले, नुसतंच, रिकामं.

तिच्या फ्रॉकची कंबर मी आत घेतली. आठवड्याने पुन्हा आत घेतली. आयुष्यभर मी वाढत्या मुलांच्या कपड्यांत दाब ठेवत आले, पुढे सोडता यावा म्हणून. पोटच्या पोरीचा कपडा उलटा आवळायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

४

मी बाईंचे पाय धरले. बाई लगेच आल्या, चपला घालायलाही थांबल्या नाहीत. खारूसमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मॉनिटर! शाळा सुटली. हात खाली. घरी जा."

खारूने त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं, आणि थोडं घाबरून, वर्गात कोणी परकं शिरल्यावर मुलं घाबरतात तसं.

"तुम्ही आमच्या बाई नाही," ती पुटपुटली.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांच्या घरी जाऊन आले मी. सगळी अशीच बसलीयत. कोणाची आई मला सांगते ताप आहे, कोणी म्हणते हट्ट आहे. दार लोटून घेतात. लाज वाटते त्यांना."

"बाई, त्या दिवशी तो शेवटचा आवाज..."

"मुलं माझ्यासमोर होती ना?" बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "तो माझ्या मागून आला. फळ्याच्या बाजूने. आणि अगं, तो मुलाचा नव्हता. मी चाळीस वर्षं वर्ग घेतले. मूल हजेरी देतं तेव्हा आवाज वर जातो. हा सावकाश होता. कोणीतरी कामावर रुजू होतं ना, तसा."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला आणि खारू बघतेय म्हणून तसाच खाली ठेवला.

५

आम्ही जिंकलो.

जमीन खचल्याचा फोटो सगळीकडे झळकला होता. रांगेत बसलेली मुलं, ओठांवर बोटं, आणि त्यांच्या मागे उघडलेला खड्डा. साहेबांना वरून झापलं असणार. जागा रद्द झाली. शाळा दुसऱ्या टोकाला बांधायचं ठरलं, आणि ही जागा चारी बाजूंनी उंच भिंत घालून कायमची बंद करायची. वस्तीने फटाके फोडले. समितीचे लोक घरोघर अभिनंदन करत फिरले, पण फार कोणी दारात उभं राहून बोलत नव्हतं.

भिंतीची तिसरी बाजू उठत आली तेव्हा मी साहेबांच्या कार्यालयात गेले. मला बघून ते सावरून बसले, पुन्हा काय नवीन, अशा चेहऱ्याने.

"साहेब, भिंतीचं काम थांबवा."

"ताई, तुमचीच मागणी होती. पहिल्या रांगेत घोषणा देत होतात, आठवतं मला."

"आता म्हणते, तिथेच बांधा शाळा. लवकर बांधा. खरी शाळा झाली की खरी घंटा होईल, खरे शिक्षक येतील, रोज संध्याकाळी सुटेल तरी. आत्ता आहे ती सुटतच नाही हो! आमची मुलं आत आहेत."

साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मी रडत होते, हात जोडत होते, काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. शिपाई मला दारापर्यंत सोडायला आला.

बाहेर जिन्यात चष्मेवाले भेटले. आभाराचं निवेदन घेऊन आले होते. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. आधी चिडले. "वहिनी, समितीची अब्रू घालवताय तुम्ही." मग इकडेतिकडे बघितलं, चष्मा काढला आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमची पोरगी झोपेत तरी पाणी घेते का? आमचा नातू कालपासून घेत नाही."

त्यांचे डोळे चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा पाहिले. अगदी लहान होते.

"अण्णा, घंटा तुम्ही दिलीत ना? चला, सुटल्याची पण द्या."

"मी तिकडे पाऊल टाकणार नाही," ते म्हणाले, आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूने झोपेतही ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. मी मिस्टरांना म्हटलं, हिच्याजवळ बसा, हिचा हात सोडू नका.  त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली.

भर दुपार होती. तीन बाजूंची भिंत बांधून झाली होती, चौथी गुडघ्याएवढी. गवंडी जेवायला गेले होते. मी ती ओलांडली.

आत काही भुताटकी नव्हती. ऊन, विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती. जुनी भिंत होती तिथेच होती, फळा तिला टेकलेला, रूळ टांगलेला. जमिनीवर मुलं बसली होती त्या जागी मातीत गोल दबलेले डाग, रांगेत. इतक्या दिवसांत पाऊस पडून गेला, गवंडी ये-जा करत होते, आणि एकही डाग मोडला नव्हता. मी मनाशी म्हटलं, माती चिकट असेल. खड्डा बुजवलेला होता. तेही बरंच, असं म्हटलं.

मी घंटा दिली. लांब घंटा, शाळा सुटते तेव्हाची, हात भरून येईपर्यंत.

थांबले तेव्हा अगदी शांत होतं. मग कापड सळसळल्याचा आवाज झाला. खूप मुलं एकदम उठतात तेव्हा होतो तो. माझ्या दोन्ही बाजूंनी वारा गेला, कमरेच्या उंचीवरून, रेटारेटी करत. मागे वस्तीतून कोणाचं तरी मूल मोठ्यांदा रडायला लागलं. मग दुसरं. मग हाका, दारं उघडण्याचे आवाज, आणि चष्मेवाल्यांचा आवाज, "प्यायला! अरे, प्यायला!" मी इतकी हसले की हातोडी खाली पडली.

मातीतले डाग एकेक करून सैल होत होते. भाकरीचं पीठ हात काढल्यावर किंचित वर येतं, तसे. पहिल्या रांगेतला पहिला डाग तसाच राहिला.

मॉनिटरची जागा. सगळ्यात शेवटी निघायचं, फळा पुसून.

मी फळ्याकडे बघितलं. खालचा भाग पुसलेला होता, ओल्या फडक्याचे ताजे फराटे, खारूचा हात पोचतो तिथपर्यंत. त्याच्या वर तिचा हात पोचत नव्हता. आणि वर फळाभर लिहिलेलं होतं. ते काय होतं मला वाचता आलं नाही, अक्षरं आपलीच वाटत होती आणि शब्द लागत नव्हते. ते फळ्याच्या कडेला थांबलं नव्हतं. भिंतीवर गेलं होतं, आणखी वर, शिडीशिवाय कोणाचा हात जाणार नाही तिथवर. मी मान वर करत गेले. जिथे लिखाण संपत होतं तिथे खडू हलत होता.

मी खाली बघितलं. पुन्हा वर बघायची माझी छाती झाली नाही. फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी लिहिलेला पट तेवढा न पुसलेला होता. त्याखाली बाईंचा आकडा राहिला नव्हता. हजर, एक.

"बाई, मी जाऊ?" खारूचा आवाज. अगदी माझ्या कमरेपाशी. थकलेला.

 खडू चालत राहिला.

मी हात जोडले. "बाई, लहान आहे ती. तिचा हात पुरत नाही. तिला सोडा. मी बसते तिच्या जागी. मी पुसते फळा."

खडू थांबला.

मी त्या डागावर मांडी घालून बसले. तो मला पुरणार नाही असं वाटलं होतं, पण पुरला. मी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. माझ्या केसांवरून एक छोटा हात फिरल्यासारखा झाला आणि पावलं पळत गेली, रस्त्याकडे, आमच्या घराकडे. मग खिडकीतून मिस्टरांचा आवाज आला. ते माझं नाव घेऊन ओरडत होते आणि रडत होते. मला 'ओ' देता आली नाही.

७

गवंड्यांनी मला तिथून उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी चौथी भिंत पूर्ण झाली. चांगली उंच घातलीय, वरून काचा लावल्यात.

खारू आता खाते. पेन्सिली संपवते, कॉलर कुरतडते, बडबडीने डोकं उठवते. तिच्या फ्रॉकच्या आवळलेल्या शिवणी मी सोडल्या. माझ्या कपड्यांच्या आत घेतल्या. बाई रोज येऊन माझ्याशेजारी बसतात. मिस्टर मला झोप लागायची वाट बघतात, हातात चमचा घेऊन. चष्मेवाले आमच्या दारावरून जाताना मान खाली घालतात. मला कोणाचाही राग नाही. हे सांगायचं होतं, पण बोलता येत नाही म्हणून लिहितेय. लिहिताना घडी सोडली तर चालतं, एवढं मला कळलंय.

नवीन शाळा तूर्त पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली. तिची घंटा इथवर ऐकू येते. संध्याकाळी ती वाजली की खारू धावत येते, दप्तर फेकते, घटाघट पाणी पिते. मग तोच पेला भरून माझ्यासमोर धरते.

"आई, सुटली शाळा. पी ना."

रोज म्हणते. रोज जरा जास्त हळू म्हणते. तिला आता समजायला लागलंय. मी तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर, त्या भिंतीकडे बघते. मला तहान लागलेली असते, फार लागलेली असते. मी मनातल्या मनात विचारते, बाई, पाणी प्यायला जाऊ?

खडू थांबतो. आम्ही दोघी वाट बघतो, मी आणि पेला धरलेली माझी पोर.

मग खडू पुन्हा सुरू होतो.